हात न लावता काढलेले फोटो

सुधाकर गेल्याचं कळलं तेव्हा मी कशेळीच्या पुलाअलीकडे ट्रकांच्या रांगेत अडकलो होतो. त्याच्या बायकोचा, मंदावहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. छातीत कफ भरला म्हणून चार दिवसांपूर्वी त्याला दवाखान्यात ठेवलं होतं, मी भेटूनही आलो होतो. तो बरा होऊन घरी येईल, असंच सगळ्यांनी धरलेलं. पुढचा ट्रक हलला, मागचे हॉर्न वाजवू लागले, मग मीही गाडी पुढे घेतली. आता या गोष्टीला काही आठवडे झाले आहेत आणि त्याच्याविषयी जरा शांतपणे लिहिता येईल असं वाटतं आहे.

आम्ही दोघांनी मिळून भिवंडीच्या नारपोलीत फोटो स्टुडिओ काढला तेव्हा दोघांचीही लग्नं व्हायची होती. सुधाकर पडघ्याजवळच्या गावातला, घरी भातशेती. मी भिवंडीतच वाढलेला. स्टुडिओतला हिशेब, अल्बम, गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे, आणि कॅमेरा त्याच्याकडे. हळदी, साखरपुडे, निकाह, बारशी... आम्ही सगळं केलं. त्याचा हात हा आमच्या धंद्याचा आधार होता. मांडवातल्या अंधुक उजेडात, ढकलाढकलीत, स्टँड न लावता तो असा फोटो काढायचा की नवरीच्या पापणीवरचा हळदीचा कणही दिसावा. फोटो काढताना तो श्वास रोखायचा. मी कधी कौतुक केलं की म्हणायचा, "त्यात काय हाय? आपण हललो न्हाय म्हणजे झालं."

मग एका हळदीत त्याचे फोटो हललेले आले. आम्हाला वाटलं, दमला असेल. पुढच्या लग्नातही तेच झालं. चहाचा कप उचलताना बशी वाजू लागली, तेव्हा मंदावहिनी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. कंपवात निघाला. औषधांनी थरथर कमी होईल, पण जाणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सुधाकरने ते ऐकून घेतलं, स्टुडिओत आला, कॅमेरा पुसून बॅगेत ठेवला आणि मला म्हणाला, "उद्यापासून दुसरा कोणी बघ. माझा हात माझा ऱ्हायला न्हाय." पुढचं वर्षभर तो स्टुडिओत फक्त बसायला यायचा. गिऱ्हाईक आलं की दोन्ही हात टेबलाखाली घ्यायचा.

मॅक्रो फोटोग्राफीकडे, म्हणजे बारीक वस्तूंचे अगदी जवळून फोटो काढण्याकडे, तो वळला ते कंटाळ्यातून. घराच्या मागच्या खोलीत खिडकीच्या चौकटीवर एक मेलेला भुंगा पडलेला होता, हिरवा, चमकदार. त्याने जुनी लेन्स उलटी करून कॅमेऱ्याला जोडली (तशी जोडली की ती भिंगासारखं काम करते), कॅमेरा टेबलावर ठेवला आणि फोटो काढला. मला दाखवायला आणला तेव्हा भुंग्याचा एक डोळा लख्ख होता, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं दिसत होती, आणि बाकी सगळा भुंगा धुक्यात. इतक्या जवळून पाहिलं की फोकस कागदाइतका पातळ होतो. डोळा धरला तर पाय सुटतात, पाय धरले तर पाठ. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, लहान केलं तर थोडं जास्त हाती लागतं, पण फार लहान केलं की सगळाच फोटो मऊ पडतो. यावर उपाय फोकस स्टॅकिंगचा. कॅमेरा एका रुळावर बसवायचा, केसभर पुढे सरकवायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायचा. प्रत्येक फोटोत किड्याची एकच चकती स्पष्ट येते. मग संगणकावर त्या सगळ्या चकत्या एकावर एक रचून एक अखंड किडा उभा करायचा.

हा रूळ पुढे-मागे करायला एक स्क्रू असतो. सुधाकरची बोटं त्या स्क्रूवर ठरत नव्हती. शेवटी त्याने मोटरचा रूळ आणि रिमोट मागवला. ते खोकं उघडलं तेव्हा मी तिथेच होतो. एकदा सगळं मांडून झालं की बटण दाबायचं आणि दूर खुर्चीत जाऊन बसायचं. रूळ आपला आपण सरकत राहिला, कॅमेरा आपला आपण फोटो घेत राहिला. तो हसून म्हणाला, "आता हात लावायचाच न्हाय. मंग थरथरंल काय?"

पण थरथरत होतंच. त्याच्या घराच्या भिंतीला लागून रफीकभाईंचा यंत्रमागांचा कारखाना होता. लूम सुरू असले की फरशी, टेबल, पाण्याचा तांब्या सगळंच बारीक कंप पावायचं. नारपोलीत राहणाऱ्याला ते जाणवतही नाही, पण लेन्सला जाणवायचं. फ्लॅशमुळे एकेक फोटो स्पष्ट यायचा, पण दोन फोटोंच्या मध्ये किडा जरासा सरकलेला असायचा आणि जोडताना एका मिशीच्या दोन मिश्या व्हायच्या. त्याने टेबलाखाली सायकलच्या ट्यूब घातल्या, वर शहाबादी फरशी ठेवली, वाळूच्या पिशव्या ठेवल्या. थोडा फरक पडला. खरं काम मात्र शुक्रवारी, लूमची सुट्टी असताना व्हायचं. रफीकभाईंना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. नंतर मात्र अधूनमधून भिंतीवर थाप मारून ओरडायचे, "सुधाकरभाई, चाय की छुट्टी है! कीड़े का फोटो निकाल लो!" कामगारांचा चहा होईपर्यंत लूम थांबायचे, आणि इकडे रूळ सरकू लागायचा.

त्यानंतर काही वर्षांनी रफीकभाईंचा कारखाना बंद पडला. त्या भागात बरेच पडत होते. लूम तोडून भंगारात गेले, टेम्पो भरताना सुधाकर दारात उभा होता. आता त्याला आठवडाभर हवी तेवढी स्तब्धता मिळणार होती. पण कितीतरी दिवस त्याने कॅमेरा काढला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "शांतता झाली रे... पण अशी नको होती."

मग एक दिवस तो रफीकभाईंकडे गेला आणि शेवटच्या ताग्यातला कापडाचा तुकडा मागून आणला. साधं कोरं ग्रे कापड, म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं. त्याने ते लेन्सखाली ठेवलं. तयार फोटो मी स्टुडिओत मोठा छापला. त्यात सूत दोरखंडासारखं दिसत होतं, वरून-खालून गेलेलं, त्याचे बारीक तंतू मोकळे सुटलेले. आणि एका कोपऱ्यात, तुटलेला धागा जोडलेली एक गाठ. फोटो द्यायला आम्ही दोघे गेलो. रफीकभाईंनी चष्मा लावला, पाहत राहिले. मग गाठीवर बोट ठेवून म्हणाले, "ये मेरी है. आख़िरी दिन कारीगर नहीं आया था, मैंने ख़ुद लूम चलाया." सुधाकरचा उजवा हात थरथरत होता. रफीकभाईंनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि चहा येईपर्यंत सोडला नाही. तो फोटो त्यांच्या बैठकीच्या खोलीत लावलेला आहे. परवा त्यांना भेटायला गेलो तेव्हा पाहिला.

शेवटच्या काळात सुधाकरला किडा टाचणीवर बसवणंही जमत नव्हतं. ते मंदावहिनी करायच्या. पूर्वी झुरळ दिसलं की स्वयंपाकघराबाहेर पळणारी ही बाई पुढे मेलेल्या माशीचे पाय ब्रशने नीट पसरून द्यायची आणि "उजेड डावीकडून कमी पडतोय" असंही सांगायची. दोघं मिळून काम करायचे आणि मग रूळ सरकत असेपर्यंत दोघंही न हलता बसून राहायचे.

दिवसकार्य झाल्यावर मी त्या मागच्या खोलीत गेलो. दुपार होती, उकाडा प्रचंड, म्हणून आत शिरताच मी पंखा लावला. रूळ, फरशी, उजेड मऊ पडावा म्हणून दह्याच्या डब्याचं झाकण कापून फ्लॅशला लावलेलं, सगळं होतं तिथेच. मंदावहिनी माझ्यामागून आल्या. दारातच त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला आणि त्यांनी पंखा बंद केला. वाऱ्याने किड्याची मिशी हलते म्हणून त्या खोलीत पंखा कधी चालू ठेवत नसत. आपण काय केलं ते त्यांच्या नंतर लक्षात आलं.

"लावू का परत?" त्यांनी विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो.

पंख्याची पाती फिरत फिरत थांबली. घाम येत होता. आम्ही दोघे तसेच, न हलता उभे राहिलो.