रामीबाई नाव घेत नसे

झरी जामणीकडच्या जंगलातल्या एका गावात टिनाच्या छपराचं प्रार्थनाघर आहे. पाळक महिन्यातून एकदा यायचे. एरवी रविवारचं बायबलचं वाचन रामीबाईकडे. आवाज काय खणखणीत! पण बाईला एक खोड होती. सैतानाचं नाव आलं की ती ते सरळ गाळायची. आता शास्त्रात त्याची नावं काय कमी आहेत? जुना साप, अजगर, गर्जणारा सिंह, लबाडीचा बाप, भावांना दोष देणारा. या सगळ्यांच्या जागी रामीबाईचा एकच शब्द: 'तो'.

रानात वाढलेली बाई ती. तिच्या माहेरी सापाला लांबडं म्हणत, वाघाचं तर नावच काढत नसत. नाव घेतलं की येतो, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. बाप्तिस्मा झाला तरी ते सुटलं नाही. लोक हसायचे. "हासा लेकहो," ती म्हणायची, "आला म्हंजे समजन."

त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी काही मरत नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा धावजी आणि शेजारचा डोमाजी, दोघं मजुरीनं फवारणी करायचे. विषारी औषध तोंडावर उडायचं. दोघंही दवाखान्यात पडले. जीव वाचले, पण धावजीच्या डोळ्यांपुढं कायमचं धुकं राहिलं. दिवाळीनंतर डोमाजीनं आपल्या हातानं जीव दिला. गाव म्हणालं, "गेला बिचारा." कसा गेला, ते कोणी तोंडातून काढलं नाही.

धावजी तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवण पुढं सारायचा. रामीबाईला काय दिसत नव्हतं? सगळं दिसत होतं, आई होती ती! पण मरणाचं विचारलं तर ते घरात येईल, या भीतीनं ती भाजीचं, पाण्याचं, बकरीचं बोलत राहायची.

मग एका रविवारी वाचनात तो अशुद्ध आत्म्यांनी धरलेला माणूस आला, कबरींमध्ये राहणारा, दगडांनी स्वतःला ठेचणारा. प्रभू त्याच्यापुढं उभा राहतो आणि त्या आत्म्याला विचारतो, तुझं नाव काय?

रामीबाईनं हे कितीदा तरी वाचलं होतं. आज जीभ अडली. प्रभू भ्याला नाही, आणि मी पोटच्या पोराले इचाराले भिऊन राह्यली! तिनं पुस्तक शेजारणीच्या हाती दिलं आणि भर प्रार्थनेतून उठून चपला न घालताच घर गाठलं.

धावजी तसाच पडला होता. ती त्याच्या उशाशी बसली.

"धावजी, मराचं येते का रे तुह्या मनात?"

भिंतीकडचं तोंड त्यानं तिच्याकडे वळवलं आणि लहान पोरासारखा हमसून रडला.

"रोज येते, माय."

रामीबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिलाही रडू आवरेना.

"मंग रोज मले सांगजो," ती म्हणाली. "मी आता तुले एकटं सोडत नाही."