गोल कोपऱ्यावरचं घोंगडं

युद्धकाळात बांधलेल्या सोलापुरातल्या एका जुन्या इमारतीचा दर्शनी कोपरा बोटीच्या पुढच्या भागासारखा गोल होता. डागडुजीत त्यावरचा चुन्याचा गिलावा उन्हाने दोनदा तडकला. आता पुन्हा तडकला, तर कोपरा पाडून सरळ भिंत बांधायची असं ठरलं होतं.

गिलाव्यावर पाणी मारणाऱ्या बजाबाई मंद्रूपच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. ओलं गोणपाट घटकेत वाळतंय हे पाहून त्यांनी घरचं घोंगडं आणलं आणि भिजवून कोपऱ्यावर टाकलं.

"मावशी, भिंतीला थंडी वाजायली का?" मुकादम शहाजी हसला.

"ऊन लागतंय की तिला. कोकरालाबी आमी असंच झाकतो."

आठवड्याने शहाजीने घोंगडं हळूच उचललं. गोलाईवर एकही तडा नव्हता.

"मावशी, वरच्या मजल्यालाबी घोंगडी लागतील."

"आणते की. पर वास येतोय म्हणायचं न्हाय."