माळढोकाचा पंच

"पंच कोण हाय?"

नवं पाखरू पाहिल्याचं सांगायला कोणीही आलं, की आमचे हवालदार आधी हेच विचारत. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन ते श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावी परतले, तरी पंचनामा काही सुटला नव्हता.

लहानपणी ज्यांच्यावर गलोल चालवली, ती पाखरं ते आता जुन्या दुर्बिणीतून पाहत आणि दूध डेअरीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं त्यांची नावं लिहीत. दूध घालायला आलेला माणूस आधी फॅट बघायचा, मग भिंत. नियम एकच होता. पाखरू आपल्या शिवारात दोघांनी पाहिलेलं असलं पाहिजे.

एकदा ओढ्याच्या दरडीवर त्यांना आणि वहिनींना मोठं घुबड दिसलं. मी म्हणालो, "झालं की मग. लिहा."

"बायको पंच चालत न्हाई, गुरुजी. ती आपल्या बाजूची."

"मी?" वहिनी चुलीपाशून म्हणाल्या. "तुमच्या बाजूनं कधी बोलले, ते तरी सांगा!"

मग रोज संध्याकाळी ते मला ओढ्यावर नेऊ लागले. घुबड मलाही दिसलं, तेव्हाच ते भिंतीवर चढलं. तेव्हापासून मी त्यांचा कायमचा पंच झालो.

एका श्रावणातल्या सकाळी, माझ्याच माळावर, त्यांनी माझा दंड धरला. "हलू नका." समोर गवतात माळढोक उभा होता.

"बापानं दाखवला हुता," ते हळूच म्हणाले. "त्याच्यानंतर आज बघतोय."

तो माळ मी विकायला काढला होता. मुलाला केडगावला घर घ्यायचं होतं आणि सोलरवाल्यांशी बोलणं ठरत आलं होतं. माळढोक दिसला की जमीन अभयारण्याच्या नियमांत अडकते, ही आमच्या भागातली जुनी भीती.

"दिसला ना, गुरुजी?"

"लांडोर असेल," मी म्हणालो. "मला आता लांबचं नीट दिसत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. "न्हाई दिसला तर न्हाई," एवढंच बोलून त्यांनी दुर्बीण पिशवीत ठेवली.

भिंतीवर त्यांनी माळढोक लिहिला नाही. लिहिला असता तर त्यांना कोण विचारणार होतं? दुसऱ्या दिवशी दारात नेहमीसारखी हाक आली, "गुरुजी, चला." पुढेही माझ्या शब्दावर ते नावं लिहीत राहिले. मला जास्त त्रास त्याचाच झाला.

गेल्या हिवाळ्यात हवालदार गेले. माळावर आता सोलरच्या काचा आहेत. परवा वहिनींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"त्यांना ठावं हुतं, गुरुजी. त्याच दिवशी घरी येऊन म्हनले, गुरुजींनी बघितलाय. पोराच्या घराचं हाय, आपन नको अडवायला."

"आता लिहू का भिंतीवर?"

"लिहा की. त्यांच्या डोळ्यांदेखत लिहिलं असतं, तर लई खूश झाले असते."

आमच्या गावी आलात आणि डेअरीची भिंत वाचलीत, तर सगळ्यात खालचं वाकडं अक्षर माझं आहे. ती मादी होती. गवतातून सावकाश चालली, एकदा आमच्याकडे पाहिलं, पंख उघडले आणि ओढ्यापलीकडे गेली. हवालदार दुर्बीण लावायची विसरून नुसत्या डोळ्यांनी बघत होते. मी त्यांच्या शेजारी उभा होतो.