गुऱ्हाळावरचे जंगल

“सायेब, माझं जंगल तुमच्या गोदामात हाय,” समोरचे वृद्ध गृहस्थ म्हणाले. “एकदा दावा की.”

मी फाइलमधून मान वर केली. शासनाच्या ताब्यातील एका नाट्यगृहाचा मी लेखाधिकारी आहे. माझ्याकडे लोक बिले घेऊन येतात, डिपॉझिट परत मागायला येतात. जंगल मागायला कोणी आले नव्हते.

ते आबा होते. नाटकांचे पडदे रंगवणारे. पूर्वी रंगमंचाच्या पाठीमागे चित्र काढलेले प्रचंड कापड सोडत. प्रसंग वनातला असेल तर जंगलाचा पडदा, राजाचा असेल तर दरबाराचा. आबांनी तरुणपणी आमच्या नाट्यगृहासाठी असे सहा पडदे रंगवले होते. आता ते वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करत होते, आणि त्या योजनेला कलेचा पुरावा लागतो. त्यांचे फोटो, हँडबिले, सगळे पुरात गेले होते. समितीने पंधरा दिवसांची शेवटची मुदत दिली होती. त्यानंतर प्रकरण बंद.

“परत्येक पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात माझी सही हाय,” आबा म्हणाले. “तेवढी दावली की झालं.”

भांडारपाल कदम नोंदवही शोधत होते, तोवर आबा जंगलाविषयी बोलत राहिले. “तिसऱ्या झाडामागं तळं हाय. लांबून दिसत न्हाय. पण नट तिकडं बघून बोलला की लोकास्नी वाटतं, कायतरी हाय तिथं.” दुपारची वेळ होती. खिडकीतून आलेले ऊन टेबलावरच्या फायलींवर हिरवट दिसू लागले. काही क्षण मीही त्या न दिसणाऱ्या पाण्याकाठी बसलो होतो.

कदमांनी नोंदवही माझ्यापुढे ठेवली आणि ते बाजूला उभे राहिले.

‘पडदे, जुने, नग सहा. निर्लेखित.’

निर्लेखन म्हणजे निरुपयोगी वस्तू नोंदवहीतून कमी करून भंगारात काढणे. मंजुरीखाली माझी दोन वर्षांपूर्वीची सही होती. त्या वर्षी आम्ही सर्व खिडक्यांना नवे ब्लाइंड्स बसवले होते. जुन्या पडद्यांचा प्रस्ताव त्याच आठवड्यात आला, आणि पडदे म्हणजे खिडक्यांचेच, असे मी गृहीत धरले.

“गठ्ठे सोडू का, असं मी विचारलं होतं साहेब,” कदम हळूच म्हणाले. “तुम्ही म्हणालात, कशाला, धूळ उडेल.”

त्यांच्या स्वरात आरोप नव्हता. सहीच्या वर ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ असे वाक्य होते. पाहणी मी केली नव्हती.

“आबा, पडदे विकले गेले,” मी म्हणालो. “माझ्या सहीने.”

त्यांनी नोंदवहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवले. मग म्हणाले, “किलोवर व्हय?”

“हो.”

“मग जंगलच जड भरलं आसंल. रंग लई खाल्ला हुता त्यानं.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. पडदे घेणारा भंगारवाला शाहूपुरीत होता. त्याला आठवले. पाच गठ्ठे कुठे गेले ते सांगता येईना, पण एक हातकणंगल्याकडच्या एका गुऱ्हाळवाल्याने नेला होता. आबांना गाडीत घेऊन मी तिकडे निघालो. ऊस तोडल्यामुळे रस्ता एकाएकी मोकळ्या रानातून गेल्यासारखा वाटत होता.

गुऱ्हाळाच्या छपराजवळ गाडी थांबवून उतरलो आणि मी जागीच उभा राहिलो. चुलवाणाच्या, म्हणजे रस उकळायच्या भट्टीच्या बाजूला, बांबूंना ताणून, जंगल उभे होते. समोर भल्यामोठ्या काहिलीत रस उकळत होता. त्याच्या वाफेत झाडे हलत होती, विरत होती, पुन्हा उभी राहत होती. रंग धुरकटले होते. तरी तिसऱ्या झाडामागे खरोखरच काहीतरी आहे, असे वाटत होते.

गुऱ्हाळाचे मालक, अण्णा, पुढे आले. “या की पावणं. गूळ पायजे?”

“हा पडदा बघायला आलोय,” मी म्हणालो.

“ह्यो? वाऱ्याला आडोसा केलाय. झ्याक कापड हाय.”

“कापड न्हाय, जंगल हाय ते,” आबा म्हणाले.

“ते व्हय! आमची माणसं म्हंत्यात, हितं काम केलं की उन्हाचं गार वाटतंय. म्या म्हणलं, चुलीम्होरं गार? डोकी फिरली तुमची!”

आबा हसले नाहीत. ते उजव्या कोपऱ्याशी गेले. खालची कड उसाच्या चिपाडांच्या ढिगात गाडली गेली होती. आम्ही दोघांनी हातांनी चिपाडे उपसली. कोपरा धगीने करपला होता. पण आबांचे नाव, आडनावाच्या निम्म्यापर्यंत, शाबूत होते.

सगळे कळल्यावर अण्णा म्हणाले, “घिऊन जावा तुमचं तुमी. मला ताडपत्री चालतीय की.”

मी पुढे झालो. आबांनी मला थांबवले. “ऱ्हाऊ दे. तुमच्या गोदामात त्याला कोण बघत हुतं?”

मी फोटो काढले. परंतु नुसते फोटो पुरेसे नव्हते. गुऱ्हाळावरचे करपलेले कापड शासनाच्या नाट्यगृहाचे होते, हे कोणीतरी लेखी सांगायला हवे होते. ते सांगू शकेल असा एकच माणूस होता.

मी निवेदन लिहून वरिष्ठ मॅडमपुढे ठेवले. हे पडदे आबांनी रंगवलेले होते. गठ्ठे न उघडता मी खोटे प्रमाणपत्र दिले व ते विकले गेले.

मॅडमनी ते दोनदा वाचले. “ऑडिटचा यावर एकही आक्षेप नाही. सगळे कागद क्लिअर आहेत. तुम्ही स्वतःहून चौकशी का ओढवून घेताय?”

“याशिवाय त्यांचा पुरावा पूर्ण होत नाही, मॅडम.”

“‘नजरचुकीने’ असं लिहा निदान.”

“नजर गेलीच नव्हती, मॅडम.”

त्यांनी निवेदन पुढे पाठवले. मुदतीच्या आदल्या दिवशी ते समितीकडे पोहोचले आणि आबांचे मानधन मंजूर झाले. मला कारणे दाखवा नोटीस आली. मी कारण दाखवले नाही, कारण ते नव्हते. माझी एक वेतनवाढ रोखण्यात आली. उरलेल्या पाच पडद्यांचा शोध मी सुट्टीच्या दिवशी घेतो. अजून एकही सापडलेला नाही.

भांडाराच्या नव्या नोंदवहीत ‘वर्णन’ हा रकाना मी रुंद आखून घेतला आहे. कदम विचारतात, एवढे काय लिहायचे? मी सांगतो, वस्तूचे नाव लिहून भागत नाही, ती कशी आहे तेही लिहावे लागते. आणि तेवढ्यासाठी ती आधी पाहावी लागते.