हरणाच्या केसांची माशी

अटलांटाच्या विमानतळावर अजितरावांनी माझ्या हातातली बॅग काढून घेतली, तेव्हा मला तो चांगुलपणा वाटला. गाडीपाशी त्यांनी मंदाच्या हातातली किल्लीही काढून घेतली. "हायवे आहे, मीच ड्राइव्ह करतो." मंदा माझी धाकटी बहीण, अजितराव तिचे यजमान. अमेरिकेत येऊन तिला अकरा वर्षं झाली होती, आणि ती मुकाट्याने मागे बसली. तिथे माझं डोकं जे तापलं ते महिनाभर तापलेलंच राहिलं.

हे दोन हजार सहाच्या मे महिन्यातलं. मी सांगलीला मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. सुट्टी लागली आणि निघाले.

मंदा राहते ते अल्फारेटा अटलांटाचं उपनगर. झाडी दाट, माती कोकणासारखी लाल, घरं एका साच्यातली. फूटपाथ मात्र नाही. कोपऱ्यावरून दूध आणायला दोन पाय पुरत नाहीत, गाडी लागते. पहिल्या सकाळी मी रस्त्याच्या कडेने चालत निघाले, तर एका बाईने गाडी थांबवून विचारलं, "तुम्हाला मदत हवी आहे का?" चालणं हे तिथे संकट आहे.

घरांच्या मागे एक तळं होतं. अजितराव दर शनिवारी ऑफिसच्या मित्रांबरोबर तिथे बास (गोड्या पाण्यातला, मोठ्या जबड्याचा मासा) पकडायला जात. गळाला खरं आमिष लावत नाहीत. हरणाच्या केसांची खोटी माशी बांधतात, तिला फ्लाय म्हणतात. ती पाण्यावर तरंगते, मासा बेडूक समजून झडप घालतो.

"मंदाला नेत नाही?" मी जेवताना विचारलं.

"ताई, तिला पेशन्स नाही यार. आणि हे बारीक काम. तिला साधं बटण लावता येत नाही."

"ते मात्र खरं," मी म्हटलं आणि हसले. मंदा पोळ्या लाटत होती.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "फिशिंगच्या दुकानात फ्लाय बांधायचा क्लास आहे. तीन शनिवार. आपल्या दोघींची नावं दिलीत."

"मी मासेसुद्धा खात नाही. कॅन्सल कर."

"नाही करणार. मला माझ्या हातच्या माशीवर एक बास पकडायचाय, ताई. एकच. मग सोडून देईन."

दुकान चालवणारा रॉय सत्तरीचा होता. दाराशी कढईत बॉइल्ड पीनट्स (आपल्या उकडलेल्या शेंगाच, मीठ मात्र दुप्पट) शिजत होते. संपूर्ण अमेरिकेत तेवढंच मला ओळखीचं वाटलं. टेबलावर प्रत्येकासमोर व्हाइस (हूक धरून ठेवणारा छोटा शिकंजा) होता. काम ऐकायला सोपं. पेन्सिलीएवढी केसांची जुडी हुकावर धरायची, दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे. मग दोरा आवळायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं सोडायची. केस फुलतात आणि हुकाभोवती गर्रकन फिरतात. ते अंगठ्याने मागे दाबायचे, पुढे दुसरी जुडी. हूक भरला की पात्याने कापून आकार द्यायचा. पोटाकडचे केस अगदी हुकालगत कापायचे, नाहीतर टोक केसांत झाकलं जातं. मग मासा तोंड मारतो, पण अडकत नाही.

माझी बोटं सुटेनात. पंचवीस वर्षं मी टाका पक्का होईपर्यंत कापड सोडलेलं नाही. माझे केस खराट्यासारखे हुकाच्या एकाच बाजूला उभे राहिले. रॉय आला, माझ्या हातातला दोरा घेतला, चार मिनिटांत अख्खी माशी पुरी केली आणि म्हणाला, "हे घ्या, हनी. तुमची पहिली माशी!"

माझी कुठली? माझा संताप झाला. माझ्या वर्गात मी मुलीच्या कापडाला हात लावत नाही. चुकलं तर उसवायला लावते. मी उभी राहिले. "मिस्टर रॉय, आय अ‍ॅम अ टीचर. आय डिड नॉट कम हिअर टू वॉच."

त्याचे कान लाल झाले. "यस, मॅम." त्यानंतर तो खिशात हात घालून शिकवत राहिला. माणूस वाईट नव्हता.

तिसऱ्या शनिवारी मंदाची माशी भरून झाली. ती पातं तिरकं धरून कापायला लागली. मला बघवेना. "अगं, अशी नाही. आण इकडे."

तिने पातं सोडलं नाही. "आठवीचं झबलं आठवतं, ताई?"

"कुठलं झबलं?"

"परीक्षेचं. तेही 'आण इकडे' म्हणूनच घेतलंस."

"तू नापास झाली असतीस!"

"झाले असते."

रॉय खिशात हात घालून छताकडे बघत होता. मी खाली बसले.

दुपारी आम्ही तळ्यावर गेलो. मंदाची माशी एका बाजूला कललेली होती, आणि पोटाखाली केस तसेच राहिले होते. मला ते लांबूनच दिसलं. तिने गळाची काठी उचलताच अजितराव पुढे झाले. "दे, मी कास्ट करून देतो."

"अजितराव, हात मागे!" मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडची बदकं उडाली. मग गवतावर बसून मी माझे दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले. मुंग्या चावत होत्या.

तीन वेळा माशी लव्हाळ्यात पडली. चौथ्यांदा मोकळ्या पाण्यावर. मंदाने दोरी हलकेच ओढली. पाणी फुटलं, हिरवा जबडा दिसला, काठी वाकली आणि लगेच सरळ झाली. मासा गेला.

"मी म्हटलं होतं ना..."

"गप रे जरा," मंदा म्हणाली. अजितरावांना असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिने माशी तळहातावर उलटी करून पाहिली. बराच वेळ पाहिली. उत्तर माझ्या दातांशी आलं होतं. इतकं कठीण गप्प बसणं मी आयुष्यात बसलेले नाही. शेवटी तिने पर्समधून कागदात गुंडाळलेलं पातं काढलं आणि पोटाचे केस हुकालगत कापले. मग संध्याकाळपर्यंत टाकत राहिली. त्या दिवशी पुन्हा एकही मासा आला नाही. सोमवारी माझं विमान होतं.

रॉयने केलेली सुबक माशी मी तिथेच ठेवून आले. कस्टममध्ये हरणाच्या केसांची भानगड नको होती, आणि ती माझी नव्हतीही.

सांगलीला आल्यावर पंधरा दिवसांनी मंदाचा फोन आला. "ताई, लागला."

"केवढा?"

"वीतभर. सोडून दिला." मागून अजितराव काहीतरी सांगत होते. "थांब रे, मी बोलतेय ना," ती त्यांना म्हणाली.

फोन ठेवला आणि आईच्या ट्रंकेतून ते झबलं काढलं. पिवळं, हातशिलाईचं, एकही टाका वाकडा नाही. मंदाला त्याचे पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. त्यानंतर तिने सुई हातात धरली नाही, आणि मी तीस वर्षं घरीदारी हसत सांगत आले की आमच्या मंदाला शिवण येत नाही.