सासूबाईंच्या सतरंजीखाली

मी इथं फारसं लिहीत नाही, पण आजचं सांगायलाच हवं.

सासूबाई जाऊन पाच दिवस झाले. मी आमच्या कंपनीच्या महिला तक्रार समितीत आहे. सुपरवायझरच्या चाळ्यांबद्दल लेखी निवेदनं मागवली, पण कंपनीनं पेटी लावली त्याच्याच केबिनसमोर. महिनाभर एकही कागद पडला नाही.

आज शिरूरहून कंपनीतल्या नऊ जणी जीप करून तळेगावला भेटायला आल्या. गळ्यात पडून रडता रडता प्रत्येकीनं माझ्या हातात घडी केलेला कागद सरकवला.

"ताई, मयताच्या घरी यायला कोन अडवतंय?"

मी कागद सतरंजीखाली ढकलले. तेवढ्यात सुपरवायझरच भेटायला आला आणि नेमका त्यावरच बसला.

"लई माणसं जोडली हो म्हातारीनं!"

सगळ्यांनी पदर तोंडाला लावले. मीसुद्धा. सासूबाई असत्या तर त्याच आधी हसल्या असत्या. सुतकात हसलेलं चालतं का हो?