प्रवरेच्या डोहातलं गवत

तुडवल्या जाणाऱ्या गवताला जास्त फुलं का येतात? याचं उत्तर मला देता येत नाही. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, घरात पदवी मिळवणारी पहिलीच, तरी येत नाही.

हे गवत पाण्याखालचं. बेलापूरजवळ, माझ्या मामांच्या गावी, प्रवरेच्या डोहात त्याचं हिरवं रान आहे. लहानपणी सुट्टीभर मी धुण्याच्या दगडावर पालथी पडून त्यात हात सोडायची. फितीसारखी लांब पाती बोटांमधून सरकत राहायची. युद्धातले ब्लॅकआउटचे अंधारे दिवस संपून नगरचे दिवे पुन्हा लागले, तशी त्या डोहाची फार आठवण येऊ लागली. नगरच्या शाळेतली शिक्षिकेची नोकरी सुरू व्हायला अजून वेळ होता, म्हणून चैत्रात निघाले.

कुणाला जायचं असेल तर पहाटेची श्रीरामपूरची एस.टी. धरा, नंतर ऊन सोसत नाही. राहुरीला भेळ खाऊन घ्या. बेलापूरला उतरलं की पुढे टांगा मिळतो, पण माणसं भरल्याशिवाय हलत नाही.

डोहाचं पाणी बरंच आटलं होतं. मधल्या खोल भागात गवत उंच, पण फुलं तुरळक. बैल धुतात त्या काठाला पाती तुटकी, विरळ, आणि फुलं मात्र दाट. बारीक दोऱ्यांवर पांढरे ठिपके पाण्यावर आलेले. फळ धरलं की हाच दोरा गुंडाळत जाऊन त्याला तळाशी नेतो.

यात्रेत देवाला इथे आंघोळीला आणतात. पालखीवाल्यांचे पाय गुंतू नयेत म्हणून आदल्या दिवशी अख्खी आळी दाताळ्यांनी गवत मुळासकट उपसते. नेमकं फुलाच्या दिवसांत.

"मामा, फळ धरू द्या ना. बी पडलं नाही तर हे संपेल."

"दरसाल काढतो, दरसाल येतंय," आबामामा म्हणाले.

"मी लहान असताना पार त्या आंब्यापर्यंत होतं."

"तवा तू एवढीशी हुतीस," मामी म्हणाल्या. "तुला समदंच लई मोठं दिसायचं."

मामा मात्र आंब्याकडे बघत राहिले. "हुतं खरं. पर मग बैलं तुडवत्यात तिथंच फुलं जास्त का?"

"माहीत नाही."

"मग आमी थांबायचं कशाच्या जोरावर?"

शेवटी त्यांनी काठापासून मधल्या पाण्यापर्यंत एक पट्टा बोटानं दाखवला. "एवढा सोडतो. गाव मला बोलंल. पाऊसकाळ सरल्यावर फरक दाखवायला तू पायजेस. नगरच्या शाळंत नोकरीला बसून हितलं कसं कळायचं?"

दुसऱ्या दिवशी पालखी पाण्यात शिरली आणि एकाचा पाय अडकलाच. सगळे मामांकडे वळले.

"भाचीचं गवत हाय," मामा म्हणाले. "जरा दमानं."

परतताना बेलापूरच्या शाळेत डोकावले. विज्ञानाला शिक्षक नव्हते; तिथल्या तिथे अर्ज लिहून दिला.

घरी आल्यावर बेलापूरला राहायचं ठरवल्याचं वडिलांना सांगितलं. पोरगी नोकरी करून रोज संध्याकाळी घरी येईल, असं त्यांनी शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं.

"गवतासाठी?" त्यांनी विचारलं.

"मामांनी माझ्या भरवशावर सोडलंय, अण्णा."

फुलांचं कोडं तसंच आहे, आणि पात्यांचा तो गार स्पर्श अजून बोटांवर आहे. सोमवारी नगरच्या शाळेत जाऊन मी नकार देऊन आले.